दुसरी कडी

गयाबाईला एकटीनं पातेलं उचलताना मी एकदाच पाहिलं, आणि तेही तिनं माझ्या सांगण्यावरून उचललं होतं. एरवी ती कधी उचलायची नाही. अंगात ताकद नव्हती असं नाही. उंचनिंच, रुंद हाडाची, मेंढरं सांभाळणाऱ्या घरातली बाई ती. गाभण मेंढी दोन्ही हातांत उचलून बांधापलीकडं ठेवताना मी तिला पाहिलं होतं. पण शाळेतल्या चुलीवरचं पातेलं उतरवायची वेळ आली की ती पदर खोचून एका कडीपाशी उभी राहायची आणि तिची धाकटी जाऊ शेवंता येईपर्यंत जागची हलायची नाही. शेवंता आली की दोघी ओल्या फडक्यांनी दोन बाजूंच्या कड्या धरायच्या. गयाबाई नुसतं 'हं' म्हणायची. त्या एका 'हं'वर साठ पोरांचा भात जमिनीवर यायचा.

नवीन असताना मी तिला एकदा विचारलं, "गयाबाई, तुम्हाला एकटीला उचलत नाही का?"

ती म्हणाली, "उचलतंय की. पण भांड्याला कड्या दोन कशाला लावल्यात सर? एका माणसाला दोन हात हायेत म्हणून न्हाई. दोन माणसं लागतेत म्हणून."

ताडकळसपासून सहा-सात किलोमीटर आत असलेल्या एका खेड्यातली ती चौथीपर्यंतची शाळा. दोन खोल्या, ओसरी, बाजूला पत्र्याचं स्वयंपाकघर आणि अंगणात हापसा. शिक्षक दोनच: पहिली-दुसरीला सोळंके सर आणि तिसरी-चौथीला मी. दुपारची खिचडी किंवा वरणभात शिजवायला या दोघी जावा. मी त्या शाळेवर पाच वर्षं होतो. त्याला आता बारा वर्षं झाली. शिक्षक म्हणून बरंवाईट जे काही केलं त्याचा हिशेब कधी कुणी मागितला नाही, पण गयाबाई आठवली की अजून मान खाली जाते.

या दोघींची घरं एकाच भिंतीच्या दोन बाजूंना होती आणि ती भिंत नवी होती. मेंढरांच्या वाटणीवरून दोघा भावांचं बिनसलं, मग अंगणात मधोमध भिंत आली. भाऊ एकमेकांच्या दारात जात नव्हते. एकाच्या घरी बारसं झालं तेव्हा दुसरा मेंढरं घेऊन गंगाखेडच्या बाजूला निघून गेला होता. त्यामुळं या दोघी शाळेत एकत्र कशा राबतात याचं मला नवल वाटायचं. सकाळी दोन दारांतून दोघी निघायच्या, शाळेच्या फाटकात भेटायच्या आणि काल जिथं बोलणं सोडलं तिथून पुढं बोलायला लागायच्या.

"घरचं भांडण घरी ठिवून येतो आमी," गयाबाई म्हणायची. "चुलीला वाटणी न्हाई. अन् हितं पोरं बघायलेत."

'पोरं बघायलेत' हे तिचं पालुपद होतं. शेवंताचा कधी आवाज चढला, गावातला कुणी माणूस ओसरीवर येऊन तंबाखू मळत शिवी हासडायला लागला, की ती डोकंही वर न करता म्हणायची, "पोरं बघायलेत." राग नसायचा त्यात. अंगणात कुणी झोपलंय, हळू बोला, अशा सुरात ती ते सांगायची.

आणि पोरं खरंच बघत होती. ओसरीवरून स्वयंपाकघर समोरच दिसायचं. एक जाऊ तांदूळ पाखडते, दुसरी त्याच ओघात खडे वेचते. एकीचा हात दुखला की न सांगता सुपं बदलतात. एक चुलीत तुराट्या सारते तेव्हा दुसरी डोळ्यांवर धूर जाऊ नये म्हणून पत्रा धरते. हे सगळं वर्षभर रोज डोळ्यांसमोर. मग मला एक एक दिसायला लागलं. वर्गात सतरंज्या अंथरताना पोरं दोन टोकांना उभी राहून 'हं' म्हणायला लागली. हापशावर एक हापसायचा, दुसरा कळशी धरायचा, मग आपसूक जागा बदलायचे. वाढायच्या वेळी मोठ्या मुली पंक्तीत आधी लहानांची ताटं ठेवायच्या. कुणीही त्यांना हे शिकवलं नव्हतं. मी तर नाहीच.

तरी त्या वर्षी आमच्या भागातल्या शिक्षकांची परिषद भरली, तेव्हा मी पोरांचे फोटो दाखवून 'सहकार्यातून शिक्षण' या माझ्या उपक्रमाबद्दल वीस मिनिटं बोललो. गटकार्याची सवय मी कशी रुजवली ते सांगितलं. टाळ्या पडल्या, गुलाबाचं फूल मिळालं. गयाबाईचं नाव मी घेतलं नाही. शेवटच्या रांगेत सोळंके सर हाताची घडी घालून बसले होते. त्यांना सगळं माहीत होतं आणि ते काही बोलले नाहीत, कारण तोवर आमचं बोलणंच बंद झालं होतं.

ते बंद का झालं हे आज सांगायलाही लाज वाटते. मुख्याध्यापकाचा प्रभार कुणाकडं, एवढाच मुद्दा होता. नोकरीत मी त्यांच्याहून चार महिन्यांनी ज्येष्ठ. प्रभार त्यांच्याकडं गेला. त्यांनी तालुक्याला जाऊन काहीतरी जमवलं असणार, असं मी धरून चाललो. विचारलं कधीच नाही. आधी मी त्यांच्या डब्यातलं घेणं बंद केलं, मग त्यांनी कपाटाची किल्ली खिशात ठेवायला सुरुवात केली, मग एक दिवस लक्षात आलं की आठवडाभर आम्ही एकमेकांशी एक शब्दही बोललो नाही. पुढं दीड वर्ष ते तसंच चाललं. काम तर अडू नये, म्हणून निरोप पोरांच्या हाती जायचे. "सरांना सांग, हजेरीपट द्या." "त्यांना सांग, संध्याकाळी मिळेल." दोन खोल्यांमध्ये एक भिंत. निरोप घेऊन पोर पोचायच्या आतच तो पलीकडं ऐकू गेलेला असायचा.

बहुतेक वेळा निरोप न्यायला मी प्रतीक्षाला पाठवायचो. चौथीतली, धिटुकली, माझ्या वर्गात सगळ्यात चांगलं वाचणारी मुलगी. तिसरीत आली तेव्हा तिला जोडाक्षरं येत नव्हती. मी तिला शिकवली, याचा मला अभिमान होता.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी खोलीतून बाहेर आलो तर पोरं लिंबाखाली शाळा-शाळा खेळत होती. दोन मुलं एकमेकांकडं पाठ करून दगडांवर बसली होती. मधे प्रतीक्षा. एक मुलगा आवाज जड करून म्हणाला, "त्यांना सांग, खडू संपले." प्रतीक्षा दोन पावलं चालून दुसऱ्याला म्हणाली, "खडू संपले म्हणे." दुसरा म्हणाला, "त्यांना सांग, संपू द्या." बाकीची पोरं हसून लोळत होती. मी ओसरीवर उभा राहिलो. पोरांनी आमची मान वळवायची लकबसुद्धा उचलली होती.

गयाबाई भांडी घासत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग पोरांकडं. राखेचा हात धूत म्हणाली, "पोरं बघायलेत, सर."

मला त्या वेळी तिचाच राग आला. स्वयंपाकाला ठेवलेल्या बाईनं मला शिकवावं, हे मनात आलंच. मी म्हणालो, "तुम्ही तुमचं काम करा." ती परत भांड्याकडं वळली. तसं ती मला पुन्हा कधीही म्हणाली नाही.

त्यानंतर महिन्याभरात तपासणी लागली. एक अधिकारी साडेअकरापर्यंत येणार होते. मी पांढरा शर्ट इस्त्री करून घालून आलो होतो. फलक लिहिले, पोरांचे केस विंचरून घेतले. सोळंके सर मोटारसायकल लावून रस्त्याच्या तोंडाशी साहेबांची वाट बघत उभे होते. साहेब यायच्या आत पंगत बसलेली दिसावी, असं माझ्या मनात होतं. स्वयंपाकघरात गेलो तर वरण रटरटत होतं आणि गयाबाई एका कडीपाशी उभी होती.

"उतरवा ना, गयाबाई. कशाची वाट बघताय?"

"शेवंता येऊ द्या, सर. सोळंके सरांनी ताटं आणायला धाडलंय तिला, अंगणवाडीत."

हे मला माहीत नव्हतं. मला कोण सांगणार होतं? मी चिडलो. "ती येईपर्यंत साहेब दारात येतील. रोजची सवय आहे तुम्हाला. उतरवा."

तिनं फडकं पाण्यात बुडवून पिळलं. मग दुसरं फडकं माझ्यापुढं धरलं आणि अगदी साधेपणानं म्हणाली, "मग तुमी धरता का ती कडी?"

मी माझ्या शर्टाकडं पाहिलं. खोटं सांगत नाही, पहिल्यांदा मी शर्टाकडंच पाहिलं. आणि एक पाऊल मागं झालो. त्या मागं झालेल्या पावलात तिला उत्तर मिळालं. तिनं ते फडकं दुसऱ्या हाताला गुंडाळलं आणि पातेलं एकटीनं उचललं.

चुलीपासून दोन हातांवर ते कललं. वरण तिच्या उजव्या पायावर घोट्यापासून खाली पडलं. तरीही तिनं पातेलं टाकलं नाही. दारात पहिलीची तीन-चार पोरं उभी होती. टाकलं असतं तर त्यांच्यावर गेलं असतं. तिनं ते वाकून जमिनीवर टेकवलं आणि मग खाली बसली. ओठ पांढरे पडले होते.

पुढं मी काय केलं? शाळेच्या फाटकापासून सोळंके सर शंभर पावलांवर उभे होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी प्रतीक्षाला म्हणालो, "पळ, सरांना सांग, गाडी पाहिजे."

दीड वर्षाची सवय. तोंडातून तेच निघालं. ती पळत गेली, पळत परत आली. धापा टाकत म्हणाली, "सर म्हणतेत, कशाला पाहिजे ते विचार." त्यांना वाटलं असणार, मला साहेबांपुढं मिरवायला गाडी हवी आहे. ती पुन्हा पळाली. या वेळी तिनं निरोप सांगितलाच नाही. सरांचा हात धरला आणि ओढत आणलं.

तेवढ्या वेळात पोरांनी जे केलं ते मी दारात उभा राहून पाहिलं. कुणीही सांगितलं नव्हतं. हापशापासून स्वयंपाकघरापर्यंत पोरांची रांग लागली होती. दोघं हापसत होते, एक थकला की दुसरा दांडा धरत होता. कळशा, तांबे, डबे हातोहात पुढं येत होते आणि रिकामे मागं जात होते. एक मुलगी गयाबाईचा पाय मांडीवर घेऊन त्यावर संथ धार धरून होती. दुसरीनं तिला पाठीशी आधार दिला होता. एक जण दारातली बारकी पोरं बाजूला नेऊन बसवत होता. गोंधळ नव्हता, रडारड नव्हती. मधूनच कुणीतरी 'हं' म्हणायचं आणि भांडं पुढं सरकायचं. सोळंके सर आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले. त्या शाळेतली दोन मोठी माणसं आम्ही, आणि आमच्याच हातांना काही काम नव्हतं.

शेवंता ताटं टाकून धावत आली. सोळंके सरांनी दोघींना गाडीवर बसवून ताडकळसच्या दवाखान्यात नेलं. पाय वाचला, पण दोन बोटं आखडली ती कायमची.

थोड्या वेळानं आलेल्या साहेबांनी लेखी खुलासा मागितला. गरम पातेलं एकटीनं का उचललं, मदतनीस कुठं होती, हे त्यात यायला हवं होतं. खरं लिहायचं तर दोघांचंही नाव येत होतं: शेवंताला सोळंक्यांनी न सांगता पाठवलेलं आणि घाई मी केलेली. मी कागद घेतला आणि लिहिलं: 'सदर घटना स्वयंपाकी महिलेच्या निष्काळजीपणामुळे घडली.' सही केली. खाली प्रभारी मुख्याध्यापकांच्या सहीला जागा सोडली आणि कागद प्रतीक्षाच्या हाती पलीकडच्या खोलीत पाठवला.

तो सही होऊन लगेच परत आला. सोळंके सरांनी काही विचारलं नाही, एक शब्द बदलला नाही. दीड वर्षात आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते एकच काम.

दुसऱ्या दिवशी वर्गात कठीण शब्दांचे अर्थ घेत होतो. प्रतीक्षानं हात वर केला.

"सर, निष्काळजीपणा म्हणजे काय?"

पुस्तकात तो शब्द नव्हता. मला कळलं की वाटेत तिनं कागद वाचलाय. जोडाक्षरं तिला मीच शिकवली होती. मी म्हणालो, "काळजी न घेणं."

ती खाली बसली नाही. मग म्हणाली, "पण मावशी तर लय काळजी घेती."

मी फळ्याकडं वळलो आणि काहीतरी लिहीत बसलो. काय लिहिलं ते आज आठवत नाही, पण मागं पोरांच्या नजरा होत्या हे आठवतं.

खुलाशावरून गयाबाईला कामावरून कमी केलं. शेवंताला राहा म्हणून सांगितलं होतं, पण ती स्वयंपाकघराची किल्ली द्यायला आली तेव्हा म्हणाली, "आक्का न्हाई तर म्या बी न्हाई," आणि फाटकातून निघून गेली. उन्हाळ्यात माझी बदली झाली. नंतर सोळंके सरही गेले. बदलीच्या आदल्या दिवशी गयाबाईच्या घरी जावं असं मनात आलं होतं. भिंतीपर्यंत गेलो आणि परत फिरलो.

मग गेल्या वर्षी सेलूहून एका लग्नावरून परतताना वालूरच्या बाजारात शेवंता भेटली. माझे केस पिकले होते तरी तिनं ओळखलं. गयाबाईला बरं नसतं, म्हणाली. पुढच्या रविवारी मी गेलो. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

ती दारात बाजेवर बसली होती. दोन कोकरं पायाशी. उजवा पाय तिनं लुगड्याखाली ओढून घेतला, मला दिसू नये म्हणून असेल. चहा झाला. पोरंबाळं, पाऊसपाणी झालं. मग मी सांगितलं. कागदावर काय लिहिलं होतं ते, शब्दाशब्दानं. तुम्ही कडी धरायला सांगितलीत तेव्हा मी मागं सरलो, तेही.

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "त्या पोरीनं तवाच सांगितलं. रडत आलती."

"तुम्ही कधी काही म्हणाला नाहीत."

"काय म्हणू? लय राग आला, न्हाई कसा येईल? पाय दुखायचा तवा तर लयच यायचा." ती कोकराच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "पण शेवंताला म्हणलं, एक बरं झालं. दोन्ही सर एका कागदावर आले. आता बोलतेल. पोरांचं तरी भलं व्हईल." मग माझ्याकडं बघून तिनं विचारलं, "बोलता ना आता?"

तो कागदही आम्ही पोरीच्या हाती धाडला होता, हे सांगायला माझी जीभ उचलली नाही. मी म्हणालो, "हो."

"मग झालं," ती म्हणाली आणि खरोखर समाधानानं हसली.

चार महिन्यांनी प्रतीक्षाचा फोन आला. ती आता परभणीला शिकते. "सर, गयामावशी गेल्या," एवढंच बोलली. तिला माझा नंबर कुणी दिला ते मी विचारलं नाही.

दहाव्याला गेलो. ओढ्याच्या काठी माणसं जमली होती. दोघे भाऊ शेजारी शेजारी बसून न्हाव्यापुढं डोकी करून घेत होते. पलीकडं झाडाखाली सतरंजीवर सोळंके सर बसलेले दिसले. थकले होते, काठी घेतली होती. सतरंजीवर दुसरी जागा नव्हती असं नाही, पण मी त्यांच्याशेजारी जाऊन बसलो.

शेवटी मीच म्हणालो, "सोळंके सर, मी मागं आलो होतो गयाबाईला भेटायला. तिनं विचारलं, दोघं बोलता का. मी खोटं सांगितलं. हो म्हणालो."

ते काठीचं टोक मातीत फिरवत राहिले.

"मीही येऊन गेलो होतो, दिवाळीनंतर," ते म्हणाले. "मलाही तेच विचारलं तिनं."

"मग?"

"मीही होच म्हणालो."